पेसाखला चालणारं आणि ग्लुटेन-फ्री: दोन शिक्के, दोन वेगळे प्रश्न

मागच्या वर्षी पेसाख या आम्हा ज्यूंच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी माझी चौदा वर्षांची भाची पोट धरून पलंगावर पडून होती. इस्राएलहून आलेल्या पाहुण्यांनी सूपमध्ये सोडायच्या गोळ्यांचं तयार पीठ आणलं होतं. पाकिटावर ठळक शिक्का होता, पेसाखसाठी कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसणारं. भाचीला सीलिएक आहे, तिला गव्हाचा कणही चालत नाही. पण बहिणीने सरळ हिशेब केला. पेसाखचे आठ दिवस आपण पाव खात नाही, बिस्किट खात नाही, पोळी खात नाही, मग पेसाखच्या पाकिटात गहू कुठून येणार? तो होताच. ते पीठ म्हणजे मुख्यतः मात्झाचा, पेसाखला खायच्या बिनखमिराच्या पातळ भाकरीचा, चुरा, आणि नेहमीचा मात्झा गव्हाचाच असतो.

बहिणीला दोष देण्यात अर्थ नाही. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू, हा सण पिढ्यान्‌पिढ्या कोकणात आणि मग मुंबई-ठाण्यात करत आलो, तरी आमच्यातल्या कितीतरी जणांना पेसाखचं आणि ग्लुटेन-फ्री हे एकच वाटतं. सीलिएक असलेल्या माणसाला हा गैरसमज फार महाग पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मराठी बायबलमध्ये पेसाखला वल्हांडण म्हटलंय आणि मात्झाला बेखमीर भाकर. या दुसऱ्या शब्दातच सगळं उत्तर आहे. सणाची मनाई भाकरीला नाही, खमिराला आहे. मिसर देशातून निघताना आमच्या पूर्वजांना पीठ फुगू द्यायला वेळ मिळाला नाही, त्याची ही आठवण. गहू, जव, राय, स्पेल्ट (गव्हाचाच एक प्रकार) आणि ओट्स अशी पाच धान्यं मोजली आहेत. यांच्या पिठाला पाणी लागलं आणि ते तसंच राहिलं की त्याचा हामेत्झ होतो, म्हणजे पेसाखला निषिद्ध. मुदत 18 मिनिटांची. तेवढ्यात मळून, लाटून, टोचून भट्टीत गेलं तर तेच पीठ मात्झा होतं. तालमूद या आमच्या जुन्या धर्मग्रंथातला नियम असा की ज्या धान्याचा हामेत्झ होऊ शकतो, त्याच धान्याचा मात्झा होऊ शकतो. तांदूळ भिजवून ठेवला तर तो नासतो, खमीर होत नाही, असं तिथे म्हटलंय. म्हणूनच तांदळाच्या भाकरीने सेदेरच्या, म्हणजे पेसाखच्या सुरुवातीच्या विधीच्या जेवणाच्या, रात्रीचं मात्झाचं कर्तव्य पुरं होत नाही. सण गव्हाला बाहेर काढत तर नाहीच, उलट त्याला ताटाच्या मध्यभागी आणून बसवतो.

ग्लुटेनचा प्रश्न अगदी वेगळा. ग्लुटेन हे गहू, जव, राय यांच्यातलं प्रथिन. सीलिएक असलेल्याच्या शरीरात ते गेलं की त्याची स्वतःची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर चाल करून जाते. पीठ 18 मिनिटांत भाजलं की दोन दिवस आंबवलं, याचं आतड्याला काहीच देणंघेणं नसतं. आपल्याकडे आणि अमेरिकेतही ग्लुटेन-फ्री लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. किलोभर पिठात वीस मिलिग्रॅम म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही. तेव्हा ‘सणाचा एवढासा तुकडा खा गं’ हे वाक्य कितीही मायेने म्हटलं तरी म्हणू नये. खपली गहू हलका म्हणून चालेल असंही लोक सुचवतात. खपली हाही गहूच.

थोडक्यात, पेसाखचा शिक्का सांगतो की धान्याचं पुढे काय झालं. ग्लुटेन-फ्रीचा शिक्का सांगतो की धान्य मुळात कोणतं. एकाचं उत्तर दुसऱ्याला लावायला गेलं की भाचीसारखं होतं.

उलटी चूकही घरात झाली आहे. माझी एक मैत्रीण भाचीसाठी मुद्दाम ओट्सच्या पिठाचा केक करून घेऊन आली, ग्लुटेन-फ्री ओट्स शोधून, नवं भांडं वापरून. किती जीव लावला होता तिने! पण ओट्स पाच धान्यांत मोडतात. भिजवून, फुगवून भाजलेला ओट्सचा केक म्हणजे शुद्ध हामेत्झ. पेसाखच्या आठवड्यात तो आमच्या घरात ठेवताही येत नव्हता. मैत्रिणीला हे सांगताना मला फार जड गेलं. केक शेजारच्या मुलांनी खाल्ला, आणि आठ दिवसांनी तिने भाचीसाठी पुन्हा तसाच करून आणला.

आता ज्या ठिकाणी मला स्वतःला सर्वात जास्त वेळ लागला ते सांगते. दुकानात ‘ग्लुटेन-फ्री मात्झा’ म्हणून दोन वेगळ्या वस्तू मिळतात आणि त्या दिसतात जुळ्या बहिणींसारख्या. एक खरा मात्झा असतो, गव्हाऐवजी ग्लुटेन-फ्री ओट्सचा. इंग्लंड-इस्राएलमध्ये तो बनतो, महाग असतो, चवीला किंचित कडवट आणि हातात घेतला की भुगा होणारा. पण ओट्स पाचांतले असल्यामुळे सेदेरला त्याच्यावर आशीर्वाद म्हणता येतो. दुसरी वस्तू बटाट्याच्या आणि साबुदाण्यासारख्या टॅपिओकाच्या स्टार्चची. चौकोनी, टोचे मारलेली, कुरकुरीत, चवीला खरं तर जास्त छान. तिच्या पाकिटावर मात्झासारखे चौकोन अशा अर्थाचं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि बारीक अक्षरांत हेही की सेदेरच्या कर्तव्यासाठी हे वापरू नये. ती पेसाखला चालते, ग्लुटेन-फ्रीही असते, फक्त मात्झा नसते. आठवडाभर तिच्यावर काहीही लावून खावं. पण सेदेरच्या रात्री ‘हा बेखमीर भाकरीचा तुकडा’ म्हणून जो ऑलिव्हएवढा घास घ्यायचा, तो ओट्सचाच हवा.

इथे आरोग्याचा एक मुद्दा येतो. सीलिएक असलेल्या बहुतेकांना शुद्ध ओट्स सोसतात, पण सगळ्यांना नाही. म्हणून आधी डॉक्टरांना विचारायचं, मग रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना. ज्याला ओट्सही सोसत नाहीत त्याने काय करायचं? आमच्या धर्मात जीव राखणं जवळजवळ प्रत्येक आज्ञेच्या वर आहे. मात्झा खाऊन ज्याच्या प्रकृतीला खरा धोका आहे, त्याने तो न खाल्ल्याने काही उणं राहत नाही. हे मोठ्यांनी मुलांना स्वतःहून, सर्वांसमोर सांगावं. आपल्याकडून सणात काही राहून गेलं ही टोचणी चौदा वर्षांच्या मुलीने एकटीने का बाळगायची?

तांदळाबद्दल मात्र आम्ही नशीबवान. अश्केनाझी, म्हणजे मूळ युरोपातल्या ज्यू घरांत पेसाखला तांदूळ, मका, कडधान्यं यांनाही मनाई असते. या गटाला किटनियोत म्हणतात. हामेत्झ नव्हे, जुन्या काळापासून पाळलेली जास्तीची खबरदारी. तिथल्या सीलिएक माणसाचं ताट किती आखडतं ते बघा, गहू आजारामुळे बंद आणि तांदूळ रिवाजामुळे. क्विनोआ चालतो की नाही यावर बराच खल झाला आणि 2013 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या कोशर संस्थेने देखरेखीखाली तयार झालेल्या क्विनोआला हिरवा कंदील दिला. 2015 मध्ये तिथल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या रब्बींनी किटनियोत खायलाही मोकळीक दिली. बेने इस्राएलांच्या घरी पेसाखला भात शिजतच आला आहे. निवडून, पुन्हा निवडून, चुकून गव्हाचा दाणा राहिला नाही ना बघून. भात, नारळाच्या दुधातलं मटण, बटाटा, आणि खजूर शिजवून-गाळून केलेला दाट रस सेदेरच्या ताटातलं गोड हरोसेत म्हणून. गव्हाचा त्यात संबंधच नाही. मटणाबरोबर दूध-तूप चालत नाही म्हणून आमचं सगळं वाटण नारळाचं, त्यामुळे ज्यांना दूध पचत नाही त्यांचीही आयती सोय. मधुमेह असलेल्यांनी मात्र किद्दुशच्या, म्हणजे सणाच्या आशीर्वादाच्या पेल्यातल्या, काळ्या मनुकांच्या सरबताकडे जपून बघावं. दारू नसली तरी साखर भरपूर असते.

आजीच्या तोंडी या सणाचं जुनं नाव होतं, अनाशी ढाकायचा सण. अनस म्हणजे आंबटाचं भांडं, ते आठ दिवस झाकून ठेवायचं. इडली तांदळाची असली तरी आंबवलेली, म्हणून तिच्या घरात या दिवसांत होत नसे. नियमाच्या पुस्तकात हे कुठे बसतं हा वेगळा विषय, घरचा रिवाज तसा होता आणि मी तो पाळते. भाचीसाठी रोजचा सोपा नाश्ता त्यामुळे बंद होतो, पण तांदळाच्या पिठाचे ताजे घावन होतात.

दोन्ही शिक्के अगदी एका जागी येतात असा एक पदार्थ आपल्या प्रत्येक मराठी स्वयंपाकघरात आहे, हिंग. डबीतला नेहमीचा हिंग शुद्ध नसतो, त्यात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. डबी फिरवून घटक वाचून बघा. पेसाखला ती घराबाहेर आणि सीलिएकवाल्याच्या घरात ती बाराही महिने नको. पिठाशिवायचा हिंग मिळतो, तो मागवावा. आम्ही कित्येक महिने गहू सगळीकडून काढला होता आणि आमटीच्या फोडणीत तो रोज पडत होता.

कोशरच्या इतर खुणांवरही असाच भरवसा टाकू नये. ‘पारवे’ म्हणजे ना दुधाचं ना मांसाचं. पण त्यात अंडं, मासे असू शकतात, गहूही असू शकतो, आणि दुधाची कडक अ‍ॅलर्जी असलेल्याला तेवढ्यावर विसंबून चालत नाही, कारण दुधाचा अंश राहिलेला असू शकतो. पेसाखच्या पाकिटांत एक खूण मात्र उपयोगाची, ‘गेब्रोक्त्स नसलेलं’. काही घरांत मात्झा ओला होऊ देत नाहीत, त्यांच्यासाठी केलेल्या पदार्थांत मात्झाचा चुरा नसतो, बटाट्याचा स्टार्च किंवा बदामाची पूड असते. अमेरिकेतले सीलिएक असलेले लोक, ज्यू नसलेलेही, या दिवसांत असली पाकिटं वर्षभरासाठी घेऊन ठेवतात. तरी घटक वाचायचेच.

सेदेरच्या टेबलावरचा खरा शत्रू म्हणजे चुरा. मात्झा मोडला की त्याचे कण मीटरभर उडतात. मग तोच हात कोथिंबिरीला, तोच चमचा हरोसेतच्या वाटीत. मात्झामध्ये कडू पाला आणि हरोसेत घालून खायचा घास येतो तेव्हा तर सगळ्यांचे मात्झे एकाच वाटीत बुडतात. यंदा आम्ही भाचीचं हरोसेत, पाला, मीठपाणी, अंडं सगळं आधीच तिच्या ताटात वाढून घेतलं आणि तिचे ओट्सचे मात्झे वेगळ्या झाकणाच्या डब्यात ठेवले. तिला टेबलाच्या टोकाला, आजोबांशेजारी बसवलं, कारण आजोबा सर्वात सावकाश मात्झा मोडतात. बाकी स्वयंपाकात मात्झाचा चुरा कुठेच घातला नाही. सूपमधल्या गोळ्या उकडलेल्या बटाट्याच्या केल्या. पाहुण्यांपैकी कुणीतरी त्याच मागून घेतल्या.

पेसाख गेला की गोष्ट सोपी होते असं नाही, फक्त बदलते. मालिदा, आमचा नवसाचा पदार्थ, पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि फळांचा, भाची पोटभर खाते. पण रोश हशानाला, आमच्या नव्या वर्षाला, चिकाचा हलवा असतो. गहू भिजवून, वाटून, पिळून काढलेला चीक नारळाच्या दुधात तासभर घोटायचा. त्याला दूध लागत नाही म्हणून तो मटणाच्या जेवणानंतर चालतो, आणि गव्हाचा म्हणून भाचीला अजिबात नाही. आम्ही आता चायनाग्रास आणि कॉर्नफ्लॉवर घालून करतो. वडी सुरीला कमी चिकटते, चावताना तो ताणही नसतो. बहीण म्हणते आजीची चव नाही. खरं आहे, नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. ओट्सचा मात्झा इथे ऐनवेळी मिळत नाही, बाहेरून मागवावा लागतो आणि वाटेत निम्मा मोडतो. पुरीमचा सण पेसाखच्या आधी एक महिना येतो. पुरीमच्या पुरणपोळ्यांचा तवा उतरला की त्याच दिवशी मागणी नोंदवायची, दोन सेदेरना लागतील त्याच्या दुप्पट.