कॉमिक्स वाचकांचे अभिप्राय (बेळगाव सीमाभाग)

नुकत्याच वाचून संपवलेल्या कॉमिकबद्दल एका वाचकाने दुसऱ्याला सांगितलेले मत आणि त्या मतावरून रंगणारी चर्चा. कॉमिक्सचे शौकीन जिथे जमतात तिथे हे चालतेच. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी वाचकांत मात्र त्याला स्वतःचे वळण लागले आहे. येथे कॉमिक बहुतेक वेळा एका भाषेत वाचले जाते आणि त्यावर बोलणे होते दुसऱ्या भाषेत. वाचलेले इंग्रजी, हिंदी किंवा कन्नड असते, बोलणे मराठी. त्यामुळे इथला अभिप्राय अर्धा भाषांतरच असतो आणि त्यात शब्दांआधी चित्राचा विचार होतो.

मराठीत कॉमिकसाठी ‘चित्रकथा’ हा शब्द रूढ आहे. वर्तमानपत्रातल्या तीन-चार चौकटींच्या गोष्टीला ‘चित्रमालिका’ म्हणतात. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची १९९१ साली सुरू झालेली ‘चिंटू’ ही तिचे घराघरांत पोचलेले उदाहरण. बोलताना मात्र सगळीकडे ‘कॉमिक’च. पानावरच्या प्रत्येक चित्राला चौकट आणि पात्राच्या तोंडच्या मजकुराला फुगा म्हणतात. दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीला बोलीत वेगळे नाव नाही. खरे तर कॉमिकचे अर्धे काम तिथेच होते: पहिल्या चौकटीत उगारलेला हात आणि दुसरीत जमिनीवर पडलेला माणूस, यांच्यामधला ठोसा वाचकानेच मनात मारायचा असतो.

अशा अभिप्रायांची छापील परंपरा अमेरिकेत घडली. तिथल्या कॉमिक्समध्ये वाचकांच्या पत्रांना पान दिले जाई. १९६०च्या सुमारास काही संपादक पत्रलेखकांचे पूर्ण पत्तेही छापू लागले, तेव्हा वाचकांनी संपादकाला मध्ये न घेता एकमेकांशीच पत्रव्यवहार सुरू केला. १९६१ साली जेरी बेल्स यांनी ‘आल्टर ईगो’ हे शौकिनांचे नियतकालिक काढले. सीमाभागात ही चर्चा मुख्यतः तोंडीच राहिली: वर्गाच्या मागच्या बाकावर, रद्दीच्या दुकानात गठ्ठे उलथेपालथे करताना, वाचनालयाच्या पायरीवर.

वाचनाचा ऐवज

या भागात चित्रांसह गोष्ट वाचण्याची सवय ‘चांदोबा’ने लावली. १९४७ साली तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेल्या या मासिकाची मराठी आवृत्ती १९५२ची, आणि कन्नड आवृत्तीही होतीच. ते कॉमिक नव्हते, पण गोष्ट तीच, चित्र तेच आणि लिपी निराळी, हा अनुभव शेजारच्या घरातल्या कन्नड मुलाच्या हातातला अंक पाहून पहिल्यांदा आला तो तिथेच.

खरे वेड आणले ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने. टाइम्स समूहाचे हे प्रकाशन मार्च १९६४ मध्ये सुरू झाले आणि १९९०पर्यंत चालले. ली फॉक यांचा ‘फँटम’ त्यातून मराठीत ‘वेताळ’ होऊन आला. हे नाव ज्याने योजले त्याला दाद द्यायला हवी. गोवा-कोकणाला लागून असलेल्या या मुलखात वेताळ हा गावाच्या राखणीचा देव आहे. रात्री हद्दीवरून फेरी मारणारा, वाकड्या वाटेने जाणाऱ्याला अडवणारा. जंगलात राहून दुर्बलांचे रक्षण करणारा, पिढ्यान्‌पिढ्या मरत नाही अशी ज्याची ख्याती, असा नायक या नावाखाली आला तेव्हा खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या पोराला तो परका वाटण्याचे कारणच नव्हते. अमेरिकेत १९३६ साली जन्मलेला हा नायक इथल्या चर्चेत जणू शेजारच्या गावचा माणूस म्हणून वावरला. त्याच्या कवटीच्या अंगठीची खूण हनुवटीवर डाव्या हाताने उमटेल की उजव्या, यावर शाळेत वाद होत. त्या वाचकांपैकी पुष्कळजण आता साठीच्या घरात आहेत. जुना अंक हाती लागला की ते आधी मुखपृष्ठ पाहतात आणि कथानक सांगायला लागतात ते न उघडताच.

‘अमर चित्र कथा’ १९६७ची. तिचे संस्थापक-संपादक अनंत पै (१९२९–२०११) कर्नाटकातल्या कार्कळचे. दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक पुराणातली उत्तरे येतात आणि रामाची आई कोण हे येत नाही, हे पाहून त्यांना ही मालिका सुचली, ही हकीकत प्रसिद्धच आहे. तिच्यासाठी काम केलेल्या चित्रकारांत राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशी मराठी नावे ठळक आहेत. पुढे मुळीकांनीच ‘राज कॉमिक्स’ या हिंदी प्रकाशनाच्या नागराज या नायकाचे सुरुवातीचे अंक काढले. एका चित्रकाराचा हात दोन अगदी वेगळ्या मालिकांमध्ये ओळखता येणे ही इथल्या शौकिनांत मानाची गोष्ट समजली जाते. प्राण यांचे ‘चाचा चौधरी’ आणि ‘राज कॉमिक्स’ हे बहुतांशी हिंदीतून वाचले गेले. ‘टिंकल’ (१९८०) इंग्रजीतून आले. त्यातल्या शिकारी शंभूचे चित्रकार वसंत हळबे.

इंद्रजाल बंद झाल्यावर मराठीत नियमित निघणारे आणि साहसकथांची भूक भागवणारे कॉमिक त्या तोलाचे उरले नाही. ही उणीव सीमाभागाला जास्त जाणवली, कारण पुण्या-मुंबईच्या मुलाला मराठीचे इतर कितीतरी आधार होते. येथे मराठी शाळेतले मूल कन्नड शिकते, हिंदी पडद्यावरून उचलते, इंग्रजीच्या शिकवणीला जाते; त्याच्या हातात पडणाऱ्या मराठी छापील पानांची संख्या तशीही बेताचीच. चित्रकथेने ती कितीतरी वाढवली असती.

अभिप्राय कसा दिला जातो

सर्वांत जुनी आणि अजून टिकून असलेली रीत म्हणजे ‘सांगणे’. ज्याचे इंग्रजी बरे तो पुस्तक धरतो, बाकीचे दोघे-तिघे त्याच्या खांद्यावरून डोकावतात. तो फुगा मनात वाचतो आणि मराठीत बोलून दाखवतो. ऐकणाऱ्यांचे डोळे चित्रावर असल्याने तो चुकला तर लगेच पकडला जातो: “असं कसं म्हणील? तोंड बघ की त्याचं, रडालाय तो.” म्हणजे जो वाचत नाही तोही टीकाकार असतो आणि त्याचा पुरावा चित्र. या सवयीचा परिणाम पुढे एकट्याने वाचणाऱ्यांवरही राहिलेला दिसतो. सीमाभागातला शौकीन कथानकापेक्षा चेहऱ्यांवर, हातांच्या ठेवणीवर, पावसाच्या रेघांवर जास्त बोलतो.

भाषा अर्थात बेळगावी. “मी कालच वाचलो की. चित्रं लई भारी, खरं गोष्टीला लांबड लावलाय.” इथला ‘खरं’ म्हणजे ‘पण’. ‘मी वाचलो’ हे रूप प्रमाण मराठीत जीव वाचल्याचा अर्थ देईल. इथे कन्नडच्या शेजारामुळे ते ‘मी वाचले’च्या जागी सरळ वापरले जाते, मुलीही तसेच बोलतात. वडीलधाऱ्या वाचकाला ‘अण्णा’ किंवा ‘काका’ म्हटले जाते, आणि त्याचे मत खोडायचे असले तरी सुरुवात “तसं न्हवं अण्णा” अशी मऊच होते.

कॉमिक कुठल्या भाषेत वाचले हे अभिप्रायाच्या पहिल्या वाक्यात येते. हा निव्वळ तपशील नसतो. एकाच घरात थोरलीने मराठीतून वाचलेला अंक धाकट्याने कन्नडमधून वाचलेला असू शकतो, आणि दोघांना पात्राचा स्वभाव वेगळा वाटलेला असतो. त्याची कारणे तांत्रिकही आहेत. फुग्याचा आकार मूळ मजकुराप्रमाणे आधीच ठरलेला असतो. देवनागरीत वेलांटी, मात्रा वर जातात, उकार खाली उतरतात. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग अक्षराच्या खाली बसतो. दोन्ही लिप्यांना ओळींमध्ये रोमनपेक्षा जास्त उंची लागते. मग फुग्यात ओळी कमी मावतात आणि भाषांतरकार वाक्य छाटतो. छाटलेले वाक्य तुसडे वाटते, पात्रही तुसडे वाटू लागते. आवाजांचेही तसेच. पडणे, आदळणे, फुटणे यांचे शब्द चित्रातच रंगवलेले असल्याने ते बदलायचे तर चित्राला हात लावावा लागतो. म्हणून पुष्कळदा मूळ रोमन अक्षरे तशीच राहतात. धाडकन, खळ्ळकन, धप्पकन, सपासप असे ठेवणीतले शब्द असलेल्या भाषेचे हे मोठे नुकसान आहे. तोंडी सांगणारा ते भरून काढतो. तो ‘धाडकन’ म्हणतो तेव्हाच ठोसा लागतो.

चांगल्या अभिप्रायाची कसोटी प्रस्तुत लेखकाच्या मते एकच: बोलणाऱ्याला पान उघडून बोट ठेवता आले पाहिजे. ‘मस्त आहे’, ‘बोअर आहे’ हे अभिप्राय नव्हेत. “या पानावर एकही फुगा नाही आणि तरी म्हातारीला बातमी कळली हे समजतं,” हा अभिप्राय झाला. शेवट न फोडण्याची शिस्तही पाळावी लागते, कारण एकच प्रत चार हातांतून फिरणार असते आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी ती उद्या न्यायची असते.

परिचित मुलूख आणि चित्र

ऐतिहासिक चित्रकथांवर इथले वाचक जास्त कडक असतात. येळ्ळूरच्या मुलाने राजहंसगड रोज पाहिलेला असतो. तटाचा दगड कसा बसवतात, पावसाळ्यात बुरुजावर गवत किती चढते, हे त्याला ठाऊक असते. शिवचरित्रावरच्या कॉमिकमध्ये किल्ला म्हणून गुळगुळीत भिंती दिसल्या की तो आधी तेवढेच बोलतो. खानापूर तालुक्यात भीमगड आहे. तिथल्या दाट रानातून गेलेल्यांना चित्रातले विरळ झाड-झुडूप पटत नाही. याच तालुक्यातल्या नंदगडला क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णांना १८३१ साली फाशी दिले गेले. कित्तूरची राणी चन्नम्मा आणि रायण्णा यांच्या चित्रकथा मराठी घरांतही वाचल्या जातात, आणि नंदगडच्या वडाविषयी ऐकत वाढलेला वाचक ते झाड चित्रात शोधतो. सीमाप्रश्न १९५६पासून या भागाच्या जगण्यात आहे, त्याची ठसठस खरी आहे. तरी एका चांगल्या काढलेल्या घोड्याची तारीफ करताना मराठी आणि कन्नड शौकीन एकाच पानावर वाकलेले असतात, हेही तितकेच खरे आहे.

शब्दांवाचून चित्र किती दूर जाते याचा सर्वांत मोठा दाखला याच मातीतला आहे. व्यंगचित्रकार शि. द. फडणीस यांचा जन्म २९ जुलै १९२५ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या भोज या गावी झाला. कोल्हापूरच्या शाळेनंतर ते मुंबईच्या सर ज. जी. कला शाळेत शिकले. त्यांची शब्दविरहित हास्यचित्रे दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरून मराठी घरांत गेली आणि ‘हसरी गॅलरी’ या प्रदर्शनातून गावोगाव फिरली. तीन-चार भाषांच्या मुलखात जन्मलेल्या चित्रकाराने मजकूरच काढून टाकावा, यामागे कारण-परिणाम जोडणे घाईचे ठरेल. पण निपाणी-चिकोडी भागातल्या कॉमिक-वाचकाने स्वतःच्या जिल्ह्याचा माणूस म्हणून त्यांचे एक तरी पुस्तक पाहिलेले असावे, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

संस्था म्हणून पाहिले तर बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८चे, महाराष्ट्रातल्या कित्येक वाचनालयांहून जुने. कडोली, येळ्ळूर, बेळगुंदी अशा गावांत हिवाळ्यात मराठी साहित्य संमेलने भरतात. ग्रंथदिंडी निघते, कथाकथन होते, कविसंमेलन होते. मांडवात शाळकरी मुले पुढच्या रांगांत बसलेली असतात. त्यांना ‘सध्या काय वाचालाय?’ असे विचारून अर्धा तास चित्रकथेला द्यावा. अध्यक्षीय भाषणातून मिळणार नाही ते त्या अर्ध्या तासात मिळेल.

सध्याचे वळण

आज विशी-पंचविशीतले वाचक प्रामुख्याने मांगा, म्हणजे जपानी कॉमिक वाचतात, तेही इंग्रजीतून. ‘वन पीस’ ही समुद्री चाच्यांची मांगा मालिका १९९७पासून चालू आहे आणि तिचे शंभराहून अधिक खंड झाले आहेत. त्यामुळे ‘कुठवर आलास?’ हाच भेटल्यावरचा पहिला प्रश्न. मांगा उजवीकडून डावीकडे वाचायची असते. नवख्याला हे शिकवणे हा अभिप्रायाचाच भाग बनला आहे: मागचे पान पुढे धर, वरच्या उजव्या चौकटीवर बोट ठेव, खाली ये. पूर्वी इंग्रजी आवृत्त्यांत पाने आरशासारखी उलटी छापत. मग उजव्या हाताने तलवार धरणारे सगळे डावखुरे व्हायचे. कॉमिक कॉनसारखे मेळे बेंगळुरूला किंवा मुंबईला होतात. बेंगळुरू इथून सुमारे ५०० किलोमीटर. एखादा जाऊन येतो आणि त्याने आणलेल्या खंडांवर पुढचे कित्येक महिने निघतात.

यात मराठीचा कस लागतो. ‘वन पीस’मधल्या खलाशांचे एकमेकांशी असलेले नाते ‘नाकामा’ या जपानी शब्दाने सांगितले जाते. मित्र, सहकारी, साथीदार यांतला एकही शब्द त्याला पुरा पडत नाही, म्हणून कित्येक इंग्रजी वाचकही तो तसाच ठेवतात. मराठीत सांगताना कुणी ‘सोबती’ म्हणतो, कुणी ‘जोडीदार’. ‘सोबती’ वाटेपुरता असतो, ‘जोडीदार’ दोघांतच संपतो. प्रस्तुत लेखकाला ‘गडी’ हा शब्द सर्वांत जवळचा वाटतो: शेतावर राबणारा नव्हे, खेळातला गडी, जो बाद झाला की आपला डाव लंगडा होतो आणि ज्याला परत आत आणण्यासाठी बाकीचे जीव टाकून खेळतात.