येफरची राजघराणी

येफरची राजघराणी : जर्मनीच्या वायव्य टोकाला, उत्तर समुद्र आणि याडे आखात यांच्या बेचक्यात येफर नावाचे, फ्रिजियन या किनारी लोकांचे एक लहान संस्थान होते. ऑस्ट्रिंगेन, वांगरलँड आणि रुस्ट्रिंगेनचा आखाताच्या पश्चिमेकडचा भाग असे तीन जुने मुलूख मिळून ते झाले होते. वांगरोगे हे बेटही त्यातच मोडे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९१८ पर्यंत येथे स्थानिक फ्रिजियन नायक, ओल्डेनबुर्गचे काउंट, आनहाल्ट-झेर्ब्स्टचे राजे, रशियाचे सम्राट आणि पुन्हा ओल्डेनबुर्ग अशी सत्ता फिरत राहिली. मध्ये काही वर्षे हॉलंड आणि फ्रान्सचा अंमल होता. इतक्या लहान मुलखाला इतके धनी कसे मिळाले, या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः येथील वारसाहक्कात आहे. येफरची गादी एका घराण्यातून दुसऱ्या घराण्यात गेली ती बहुतेक वेळा लेकीच्या किंवा बहिणीच्या नात्याने.

या किनाऱ्यावरची जमीन समुद्राच्या पातळीला लागून आहे. कोकणात ज्याला खारबंदिस्ती म्हणतात, तिचेच फार मोठ्या प्रमाणावरचे काम फ्रिजियन शेतकऱ्यांनी इसवी सनाच्या अकराव्या-बाराव्या शतकापासून केले. गावाने मिळून बांध घालायचा, मिळून तो राखायचा. ज्याला बांधाचे काम झेपत नाही त्याने जमीन सोडावी, असा तिथला दंडक होता. देवाने समुद्र केला आणि फ्रिजियनांनी किनारा, अशी म्हणही तिकडे आहे. बांध राखणारे हे लोक कोणाही सरंजामदाराला आपला धनी मानत नसत. ‘फ्रिजियन स्वातंत्र्य’ म्हणून इतिहासात ओळखली जाते ती हीच स्थिती. वेगवेगळ्या मुलखांचे प्रतिनिधी आउरिखजवळ उपस्टाल्सबोम येथे एकत्र जमत आणि निवाडे करीत. चौदाव्या शतकात ही व्यवस्था खिळखिळी झाली. काळ्या मृत्यूची साथ आणि १३६२ सालचे महाभयंकर समुद्री वादळ यांनी गावे बुडवली, बांध फोडले, याडे आखात आणखी आत घुसले. पंचायतीच्या हातून निसटलेली सत्ता दगडी वाडे बांधणाऱ्या धनाढ्य घराण्यांकडे गेली. या घराण्यांच्या प्रमुखाला जर्मनमध्ये ‘हॉयप्टलिंग’ म्हणतात. मराठीत त्याला नायक म्हणणे सोयीचे.

एडो वीमकेन थोरला (मृत्यू सुमारे १४१५) हा येफरच्या सत्तेचा मूळ पुरुष. तो रुस्ट्रिंगेनमधल्या बांट गावचा. त्याने ऑस्ट्रिंगेन आणि वांगरलँडही आपल्या हाताखाली आणले. ट्युटॉनिक या लढाऊ धर्मसंघाच्या सरदारांनी १३९८ मध्ये गोटलंड बेटावरून हाकललेल्या ‘व्हिटालियन बंधू’ या चाच्यांना फ्रिजियन नायकांनी आसरा दिला, त्यात एडोही होता. लुटीचा माल विकायला बाजार आणि लढायला तयार माणसे असा दुहेरी फायदा त्यात होता, पण त्यामुळे हान्झा संघाच्या बलाढ्य व्यापारी शहरांशी वैर आले. एडोच्या पश्चात गादी मिळाली ती त्याची मुलगी फ्राउवे हिच्या मुलाला, म्हणजे नातवाला. पुढे अनेकदा घडलेल्या गोष्टीची ही पहिली वेळ.

हा नातू सिबेत लुबेन. फ्रिजियन लोकांत त्या काळी कायमचे आडनाव नसे. बापाचे नाव मुलाच्या नावापुढे लागे, त्यामुळे पिढीगणिक नाव बदले. या घराण्याला ‘पापिंगा’ किंवा ‘वीमकेन’ म्हणण्याची पद्धत म्हणूनच जपून वापरावी लागते. सिबेत लढवय्या होता. शेजारच्या पूर्व फ्रिजियात टोम ब्रोक घराण्याची सत्ता १४२७ मध्ये फोको उकेना या नायकाने उलथवली, त्या राजकारणात सिबेत फोकोच्या बाजूने उभा राहिला. पण पूर्व फ्रिजियातलेच सर्कसेना घराणे आणि हांबुर्ग शहर एकत्र आले आणि १४३३ मध्ये नॉर्डेनजवळ बार्गेबुर येथील लढाईत सिबेत पडला. हांबुर्गच्या लोकांनी त्याचा किल्ला घेतला आणि दोन वर्षांनी जमीनदोस्त केला. आजच्या विल्हेल्म्सहाफेन शहरात, घरांच्या वस्तीत, खंदकाने वेढलेला एक हिरवा उंचवटा आहे. सिबेत्सबुर्गचे एवढेच उरले आहे. सत्तेचे केंद्र यानंतर येफर गावी गेले. सिबेतच्या नात्यातला हायो हार्ल्दा, मग टानो ड्युरेन आणि १४६८ पासून टानोचा मुलगा एडो वीमकेन धाकटा असे नायक तेथे झाले.

एव्हाना सर्कसेना घराण्याची ताकद वाढली होती. १४६४ मध्ये पवित्र रोमन सम्राटाने त्यांना पूर्व फ्रिजियाचे काउंटपद दिले आणि त्या सनदेत वेझर नदीपर्यंतचा मुलूख त्यांचा म्हणून लिहिला गेला. येफर या हद्दीच्या आत पडत होते. पुढच्या सव्वाशे वर्षांतल्या साऱ्या भांडणांचे मूळ या एका सनदेत आहे. एडो धाकट्याने तोल सांभाळण्यासाठी ओल्डेनबुर्गच्या काउंट घराण्यातली हाइलविग ही मुलगी केली. हा विवाह पुढे निर्णायक ठरला. १५११ च्या जानेवारीत सेंट अँटनीच्या दिवसाच्या सुमारास आलेल्या समुद्राच्या उधाणाने किनाऱ्यावर हाहाकार केला आणि त्याच वर्षी एडोही वारला. मागे क्रिस्टोफ हा मुलगा आणि आना, मारिया, डोरोथेआ या मुली. क्रिस्टोफ १५१७ मध्ये ऐन तारुण्यात गेला. त्याच्यावर विषप्रयोग झाल्याची वदंता तेव्हापासून आहे. पुरुष वारस संपला.

येथून मारियाचा (१५००–१५७५) काळ सुरू होतो. माझ्या मते येफरच्या इतिहासातले हे सर्वांत मोठे व्यक्तिमत्त्व आहे. पूर्व फ्रिजियाचा सर्कसेना काउंट पहिला एडझार्ड याने करार केला होता की आपल्या मुलांपैकी एकाचे लग्न एडोच्या एका मुलीशी होईल आणि येफर आपोआप आपल्या राज्यात येईल. एडझार्डच्या मुलांना वाट पाहायची नव्हती. काउंट एनो दुसरा आणि त्याचा भाऊ योहान यांनी १५२७ मध्ये येफरचा गढीवाडा ताब्यात घेतला, बहिणींना त्यांच्याच घरात पाहुण्यासारखे ठेवले आणि लग्नाचा शब्द मात्र पाळला नाही. एनोने १५३० मध्ये ओल्डेनबुर्गच्या आनाशी लग्न केले. मारिया हा अपमान आयुष्यभर विसरली नाही. गढीवर नेमलेला पूर्व फ्रिजियन अधिकारी बोइंग फोन ओल्डर्सुम हा तिच्या बाजूला वळला आणि त्याच्याच मदतीने परक्यांची माणसे हाकलली गेली.

पण लहान राज्याला मोठा आधार लागतो. १५३२ मध्ये मारियाने येफर सम्राट पाचव्या चार्ल्सच्या चरणी वाहिले आणि जहागीर म्हणून परत घेतले. यातली खुबी अशी की तिने चार्ल्सला सम्राट म्हणून नव्हे, तर ब्राबांटचा ड्यूक आणि हॉलंडचा काउंट म्हणून धनी मानले. ब्राबांटच्या जहागिरी मुलींनाही मिळत. अशा जहागिरीला जर्मनमध्ये ‘कुंकेललेन’ म्हणतात. कुंकेल म्हणजे सूत कातताना लोकर ज्यावर गुंडाळतात ती काठी. बायकांच्या हातातली वस्तू, म्हणून त्यांच्या वारशाला तिचे नाव. मारियाची स्वतःची गादी यामुळे पक्की झाली आणि अडीचशे वर्षांनी याच कलमाने येफर रशियाला नेऊन बांधले.

बोइंगशी तिचे लग्न ठरल्याचे सांगतात, पण तो १५४० मध्ये विट्मुंडच्या वेढ्यात मारला गेला. मारिया अविवाहित राहिली. म्हणून ती आजही ‘फ्रॉयलाइन मारिया’. त्या काळी या शब्दाचा अर्थ खानदानी कुमारिका असा होता. तिने १५३६ मध्ये येफरला शहराचा दर्जा दिला, बांध नीट राखले, नवी जमीन समुद्राकडून मिळवली. तिच्या इच्छेने १५७३ मध्ये सुरू झालेली लॅटिन शाळा ‘मारियेनगिम्नाझियुम’ या नावाने अजून चालते. तिचा कारभारी रेमर फोन झेडिएक याने त्या काळाची बखर लिहून ठेवली आहे.

दोन वास्तुकृतींत ही बाई प्रत्यक्ष भेटते. पहिली शहराच्या चर्चमधली तिच्या वडिलांची समाधी. अँटवर्पचा शिल्पकार कॉर्नेलिस फ्लोरिस याच्या कारखान्यातल्या कारागिरांनी ती १५६१ ते १५६४ मध्ये घडवली. चिलखत घातलेला एडो शवपेटीवर निजलेला आहे आणि त्याच्यावर लाकडी कोरीव कामाचा अष्टकोनी, दुमजली छत्रीवजा मंडप आहे. वडील जाऊन पन्नास वर्षे झाल्यावर, ज्याची बरोबरी फ्रिजियन किनाऱ्यावर क्वचितच सापडेल असे स्मारक उभारण्यामागे केवळ पितृभक्ती नव्हती. आमचे घराणे तुमच्याइतकेच थोर आहे, हे सर्कसेनांना दाखवायचे होते. १९५९ च्या आगीत चर्च जळाले, समाधी वाचली. दुसरी कृती गढीतल्या दरबारी दालनाचे छत. ओक लाकडाच्या चौकटीचौकटींत पाने, फळे, मुखवटे असे कोरले आहेत की मान दुखेपर्यंत वर पाहत राहावे.

मारियाने १५७३ च्या मृत्युपत्रात येफर ओल्डेनबुर्गच्या योहान सातव्याला दिले. तिची आई हाइलविग त्या घरची, आणि योहान हा तिच्या मामेभावाचा मुलगा. सर्कसेनांना एक इंचही मिळू नये हा तिचा निर्धार होता. २० फेब्रुवारी १५७५ रोजी ती वारली तेव्हा योहान पोहोचेपर्यंत मृत्यू लपवून ठेवला, खोलीच्या दाराशी रोज जेवणाचे ताट ठेवले जाई आणि एक विश्वासू नोकर ते खाऊन टाकी, अशी कथा आहे. लोकांनी ही कथा पुढे नेली. मारिया मेलीच नाही, गढीखालच्या भुयारातून निघून गेली आणि परत येईपर्यंत रोज रात्री घंटा वाजवा असे सांगून गेली, असे येफरमध्ये सांगतात. ती घंटा आजही रोज रात्री वाजते.

ओल्डेनबुर्गच्या काळात (१५७५–१६६७) सर्कसेनांशी असलेले भांडण, येफर ही ब्राबांटची जहागीर म्हणून, ब्रुसेल्सच्या जहागिरी न्यायालयात लढले गेले आणि निकाल ओल्डेनबुर्गच्या बाजूने लागला. पण ओल्डेनबुर्ग आणि येफर यांच्या मध्ये समुद्राची एक खाडी होती. तिला वळसा घालून जायचे तर पूर्व फ्रिजियाची हद्द ओलांडावी लागे. योहान सातव्याने ती खाडीच बांधाने अडवायला घेतली. १५९६ मध्ये सुरू झालेला हा एलेन्सचा बांध त्याच्या मुलाच्या, आंतोन ग्युंटरच्या, काळात १६१५ मध्ये पुरा झाला. एकोणीस वर्षे चिखल आणि भरतीशी झगडून दोन मुलूख जमिनीने जोडले. आंतोन ग्युंटरने १६२४ मध्ये शेजारचे क्निपहाउझेनही मिळवले, घोड्यांची नामांकित पैदास केली आणि तीस वर्षांच्या युद्धाची झळ आपल्या राज्याला फारशी लागू दिली नाही. त्याला औरस मूल नव्हते. १६६७ मध्ये तो गेला तेव्हा ओल्डेनबुर्ग डेन्मार्कच्या वाट्याला गेले, क्निपहाउझेन त्याच्या अनौरस मुलाला मिळाले, आणि येफर बहीण माग्डालेना हिच्या मुलाला, म्हणजे भाच्याला. पुन्हा बहिणीचे नाते.

आनहाल्ट-झेर्ब्स्टचे राजे (१६६७–१७९३) शेकडो किलोमीटर दूर, एल्बे नदीकाठच्या प्रदेशात राहत. येफर त्यांना मुख्यतः उत्पन्नापुरते महत्त्वाचे होते. गढीच्या मनोऱ्यावरचा कांद्याच्या आकाराचा कळस त्यांच्या काळात, १७३० च्या दशकात चढला. शेवटचा राजा फ्रीडरिख आउगुस्ट आपल्या राज्यात फिरकतही नसे. अमेरिकेतले बंड मोडण्यासाठी त्याने इंग्लंडला पैसे घेऊन सैनिक पुरवले. १७९३ मध्ये तो लक्झेंबर्गमध्ये निपुत्रिक वारला. झेर्ब्स्टचा मुलूख पुरुषवारसाच्या नियमाने आनहाल्टच्या इतर शाखांनी वाटून घेतला. येफरला तो नियम लागू नव्हता. ते मिळाले त्याच्या बहिणीला, आणि ती बहीण होती रशियाची सम्राज्ञी कॅथरीन दुसरी.

झेर्ब्स्टच्या घरात जन्मलेली झोफी या नावाची मुलगी रशियात जाऊन कॅथरीन झाली होती. तिने येफरचा कारभार भावाच्या विधवेवर, फ्रीडेरीके आउगुस्टे झोफी हिच्यावर सोपवला आणि ती १८०६ पर्यंत गढीत राहून तो पाहत होती. येफरकर कागदोपत्री रशियाचे प्रजाजन झाले. मृत समुद्राच्या परिसराचा शोध घेणारा प्रवासी उलरिख यास्पर झेट्सेन हा येफरच्या मुलखातला, आणि म्हणूनच तो रशियन राजसेवेची पदवी लावून अरबस्तानात हिंडला. १८११ मध्ये येमेनमध्ये त्याचा अंत झाला.

पुढची उलथापालथ नेपोलियनची. १८०६ मध्ये डच फौजा आल्या आणि १८०७ मध्ये नेपोलियनशी झालेल्या तिल्झितच्या तहाने कॅथरीनचा नातू झार अलेक्झांडर याने येफर हॉलंडच्या राज्याला दिले. १८१० मध्ये ते फ्रान्समध्ये विलीन झाले. १८१३ मध्ये फ्रेंच गेल्यावर झारने कारभार ओल्डेनबुर्गच्या ड्यूक पीटरकडे दिला. झार आणि ड्यूक दोघेही होल्श्टाइन-गोटोर्प या एकाच घराण्याचे होते, तेव्हा मुलूख घरातच राहिला. १८१८ मध्ये रशियाने हक्क पूर्णपणे सोडला.

ओल्डेनबुर्गच्या या दुसऱ्या पर्वात येफर वेगळे संस्थान राहिले नाही, मोठ्या राज्याचा जिल्हा झाले. १८५३ च्या करारान्वये ओल्डेनबुर्गने याडे आखाताकाठची थोडी जमीन प्रशियाला विकली आणि तेथे विल्हेल्म्सहाफेन हे नौदलाचे बंदर उभे राहिले. एडो थोरल्याचे बांट गाव आज त्याच शहराच्या पोटात आहे. फ्रिजियन भाषा मुलखातून आधीच गेली होती. वांगरोगेची बोली बोलणारी शेवटची माणसे १९५० मध्ये गेली.

१९१८ च्या क्रांतीत ओल्डेनबुर्गच्या ग्रँड ड्यूकने पद सोडले आणि येफरची राजसत्ता संपली. गढीत १९२१ पासून संग्रहालय आहे. मारियाचे ओक लाकडाचे छत तेथे पाहायला मिळते. येफर आता लोअर सॅक्सनी राज्यातल्या एका जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आहे, आणि त्या जिल्ह्याचे नाव फ्रीसलांड.