अजिंठ्याच्या अंधारात फोन काय मोजतो?

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या भित्तिचित्रासमोर फ्लॅश चालत नाही. जुन्या रंगांना धक्का नको, म्हणून. तरीही लोक तिथून बऱ्यापैकी उजळ फोटो घेऊन बाहेर पडतात. आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसतं ते फोनला दिसलं कसं? दिसलं नाहीच, त्याने ते हिशेब करून काढलं.

प्रकाश फोटॉनच्या, म्हणजे सुट्या कणांच्या रूपात येतो, आणि फोटॉन काही मोजूनमापून येत नाहीत. वळवाचा पाऊस सुरू होताना अंगणात शेजारी ठेवलेल्या दोन वाट्यांत तरी कुठे सारखे थेंब पडतात? कॅमेऱ्यातल्या एका पिक्सेलवर, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या इवल्या ठिपक्यावर, सरासरी १०० फोटॉन पडत असतील, तर त्यात साधारण १० चा चढउतार होतो, म्हणजे १० टक्के. अंधारातल्या फोटोत दिसणारे दाणे मुख्यतः हेच. ९०० फोटॉन मिळाले तर चढउतार ३० चा. जेमतेम ३ टक्के.

मग शटर नऊपट वेळ उघडं ठेवावं? हात हलतो, फोटो पुसट येतो. म्हणून फोन पटापट अनेक फोटो टिपतो, एकमेकांवर जुळवतो आणि सरासरी काढतो. नऊ फोटोंत दाणे एक तृतीयांशावर येतात. दारातलं ऊन पांढरंफटक पडू नये म्हणून बरेच फोन हे फोटो मुद्दाम काळपट घेतात आणि आतला अंधार मागाहून उजळवतात.

रंगांचा मामला तर आणखी गमतीचा. पिक्सेलांवर रंगीत गाळण्या बसवण्याच्या, कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांच्या रचनेला १९७६ साली पेटंट मिळालं. आजही बहुतेक कॅमेरे तीच वापरतात. त्यात एक पिक्सेल एकच रंग मोजतो. १ कोटी २० लाख पिक्सेलांपैकी ६० लाख हिरवा, ३० लाख लाल, ३० लाख निळा. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरायचे. म्हणजे फोटोतल्या रंगांचे दोन तृतीयांश आकडे कुणी मोजलेलेच नसतात! त्यावर दिव्यांचा पिवळेपणा किती काढायचा, हेही फोनच ठरवतो. तेव्हा पद्मपाणीची कांती नेमकी कशी, यावर फोनमधला फोटो दाखवून वाद घालू नये.

लेण्यातली भिंत हलत नाही, म्हणून ती छान जुळते. समोरून जाणारा पर्यटक मात्र प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतो. सगळं मिसळलं तर त्याची भुतं दिसतील. म्हणून फोन तेवढ्या भागापुरते न जुळणारे फोटो बाजूला टाकतो. त्यामुळे एकाच फोटोत भिंत गुळगुळीत येते आणि पर्यटक दाणेदार.