सूर्यमालेची निर्मिती आणि उत्क्रांती

सुमारे ४५७ कोटी वर्षांपूर्वी वायू व धूळ यांच्या एका थंड, अवाढव्य मेघाचा भाग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकसत गेला. त्याच्या गाभ्यात सूर्य तयार झाला, आणि भोवती फिरणाऱ्या चपट्या चकतीतून ग्रह, लघुग्रह व धूमकेतू घडले. या कल्पनेचे मूळ रूप जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७५५ मध्ये आणि फ्रेंच गणितज्ञ लाप्लास यांनी १७९६ मध्ये मांडले. तिच्यापुढे एक अडचण बराच काळ उभी होती. सूर्यमालेचे ९९.८ टक्क्यांहून अधिक वस्तुमान सूर्यात आहे, पण कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याच्या गतीचा साठा, मात्र जवळजवळ सगळा ग्रहांकडे. आकसणारी वस्तू अधिक वेगाने फिरू लागते, मग सूर्याला स्वतःभोवती एक फेरी घ्यायला २५ दिवस का लागावेत? चुंबकीय क्षेत्र आणि सौरवारा (सूर्यातून बाहेर वाहणारे भारित कण) यांनी त्याची गती कोट्यवधी वर्षांत काढून घेतली, हे त्याचे आजचे उत्तर.

सूर्यमालेचे वय मोजता येते ते अशनींमुळे, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर पडलेल्या दगडांमुळे. ग्रहांवरचे मूळ खडक वितळून, झिजून बदलले. अशनी मात्र बऱ्याच अंशी जसेच्या तसे राहिले. ८ फेब्रुवारी १९६९ रोजी मेक्सिकोत पडलेल्या अयेंदे अशनीत कॅल्शियम व ॲल्युमिनियम भरपूर असलेले पांढुरके कण सापडले. अशा कणांचे वय शिशाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) काढतात. सूर्यमालेत घडलेले, वय मोजता आलेले हे सर्वांत जुने घन पदार्थ. त्यांत मॅग्नेशियम-२६ अपेक्षेपेक्षा जास्त आढळते. ते ॲल्युमिनियम-२६ च्या किरणोत्सारी ऱ्हासातून येते, आणि या ॲल्युमिनियमचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू संपायला लागणारा काळ, जेमतेम सात लाख वर्षे. म्हणजे हे ॲल्युमिनियम कण घडताना तिथे हजर होते, ताजे होते. बोटाच्या पेराएवढ्या खड्यात एवढी जुनी नोंद शाबूत राहावी, याहून विलक्षण पुरावा खगोलशास्त्रात क्वचितच असेल.

चकतीतल्या धुळीचे कण एकमेकांना चिकटत मोठे झाले. सूर्याजवळ उष्णतेमुळे फक्त धातू व खडक टिकले. हिमरेषेपलीकडे, म्हणजे पाणी गोठण्याइतके थंड होते त्या अंतरापलीकडे, बर्फही गोठले, त्यामुळे गुरूचा गाभा झपाट्याने वाढला व त्याने भोवतालचा वायू ओढून घेतला. त्याला घाई करणे भागच होते, कारण चकतीतला वायू काही दशलक्ष वर्षांतच उडून जातो. पृथ्वीला पूर्ण व्हायला मात्र कोट्यवधी वर्षे लागली. शेवटच्या मोठ्या टकरींपैकी एकीतून चंद्र जन्मला असावा. अशी चकती आजही दिसते: २०१४ मध्ये चिलीतल्या आल्मा दुर्बिणीने वृषभ राशीतील एचएल टॉरी या तरुण ताऱ्याभोवतीची वलये टिपली.

मोठे ग्रह जन्मले तिथेच थांबले नाहीत. उरलेल्या लहान पिंडांशी गुरुत्वीय देवघेव होऊन नेपच्यून बाहेर सरकला. प्लूटोसह कायपर पट्ट्यातले (नेपच्यूनपलीकडच्या बर्फाळ पिंडांच्या पट्ट्यातले) कितीतरी पिंड नेपच्यूनच्या भ्रमणकाळाशी ठरावीक प्रमाणात बांधलेले आहेत, ते या प्रवासामुळेच.

सूर्य अजून तापतो आहे. सुमारे १०० कोटी वर्षांत तो आजच्यापेक्षा १० टक्के तेजस्वी होईल आणि पृथ्वीवरचे महासागर टिकणे अवघड होईल. सुमारे ५०० कोटी वर्षांनी त्याच्या गाभ्यातला हायड्रोजन संपेल, तो फुगून तांबडा राक्षसी तारा होईल आणि बुध व शुक्र यांना गिळेल. नंतर बाहेरचे थर विखुरले जाऊन पृथ्वीएवढ्या आकाराचा श्वेत बटू, म्हणजे ताऱ्याचा दाट, हळूहळू निवत जाणारा गाभा, उरेल.