जात्यापासून मुक्तछंदापर्यंत: मराठी कवितेच्या मोजणीची पार्श्वभूमी

छंद, वृत्त, यमक, अलंकार हे शब्द आपल्याला पहिल्यांदा भेटतात ते शाळेतल्या व्याकरणाच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानांत. लगक्रम, म्हणजे लघु (ह्रस्व) आणि गुरू (दीर्घ) अक्षरांचा क्रम, पाडा, वृत्त ओळखा, दोन गुण मिळवा. त्यामुळे आधी नियम तयार झाले आणि मग कवींनी ते पाळले, असा समज मनात घट्ट बसतो. मराठीपुरता इतिहास पाहिला तर क्रम बराचसा उलटा दिसतो.

कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर राजाने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. ज्ञानेश्वरीच्याही दीडशे वर्षे आधीची ही नोंद. म्हणजे ओवी ग्रंथात शिरली त्याच्या कितीतरी आधी ती मुसळाच्या ठोक्यावर आणि जात्याच्या घरघरीवर चालत होती. दळताना हात फिरतो, दम लागतो, मग क्षणभर थांबावेच लागते. ओवीचा शेवटचा चरण आखूड असतो त्याचे मूळ मला तरी या दमात दिसते.

शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी याच ओवीत गीतेवरची टीका सांगितली. पहिलीच ओवी मोठ्याने म्हणून पाहा: 'ॐ नमो जी आद्या । वेदप्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा'. अक्षरे मोजली तर सहा, सहा, आठ आणि चार. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा मोकळा. अक्षरसंख्येचे बंधन सैल आहे, पण तीनदा वाजणारे यमक आणि मग अचानक येणारा विसावा कान पकडून ठेवतो. नऊ हजारांच्या आसपास ओव्यांचा ग्रंथ एवढ्या साध्या साधनावर उभा आहे.

अभंगाने ही सैल मोजणी पक्की केली. मोठ्या अभंगात चार चरण, अक्षरे सहा-सहा-सहा-चार, यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला. 'सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया' ही तुकोबांची ओळ बोटांवर मोजली की बरोबर बावीस भरतात. इथे लघु-गुरू पाहायचे नसते, फक्त अक्षरे. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे चरण. टाळ-मृदंगाच्या साथीने हजारो माणसांनी एकत्र म्हणायचे असेल, तर साचा इतका साधा हवाच.

वृत्तांचा प्रवाह वेगळा, संस्कृतातून आलेला. पिंगलाच्या छंदःशास्त्रापासून चालत आलेली ही मोजणी तीन-तीन अक्षरांच्या आठ गणांवर चालते. 'यमाताराजभानसलगा' हे सूत्र पाठ केलेल्यांना ती आठवेल. रामदासांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत: ओळीत चार वेळा 'य' गण, म्हणजे दर वेळी एक लघु आणि दोन गुरू. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' म्हणताना ओळ हेलकावे घेत पुढे सरकते, ते या लघु-गुरू-गुरूमुळे.

पंडित कवींनी वृत्तांवर फार मेहनत घेतली. वामनपंडितांचा श्लोक, मोरोपंतांची आर्या हे त्या काळाचे मानदंड. एक जुनी आर्या सगळ्यांची वाटणीच करून टाकते: 'सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची, ओवी ज्ञानेशाची, किंवा आर्या मयूरपंताची'. तिच्या मात्रा मोजण्याजोग्या आहेत. ह्रस्वाची एक, दीर्घाची दोन, आणि ज्या ह्रस्वावर अनुस्वार असतो किंवा पुढच्या जोडाक्षराचा आघात येतो त्याच्याही दोन. 'सुश्लोक वामनाचा' बारा, पुढचा तुकडा अठरा, 'ओवी ज्ञानेशाची' पुन्हा बारा, शेवटचा अठरा. काटेकोर शास्त्राप्रमाणे ही 'गीती', आर्येचाच एक प्रकार. मराठीने तिला आर्याच म्हटले.

अलंकारांची कथा थोडक्यात सांगता येते. भरताच्या नाट्यशास्त्रात चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढच्या आचार्यांनी ही यादी वाढवत नेली. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त मात्र वेगळी दिशा धरली. शब्द उघडपणे सांगतात त्याच्या पलीकडे जे सुचवले जाते, ते ध्वनी, त्याने काव्याचा आत्मा मानले. कविता समजून घ्यायची तर अलंकार ओळखण्यापेक्षा हा विचार मला कितीतरी उपयोगी वाटतो, आणि शाळेत तोच राहून जातो.

आधुनिक काळात केशवसुतांनी चौदा ओळींचे सुनीत मराठीत आणले. माधव जूलियनांनी फारसीच्या अभ्यासातून गझल आणि रुबाई रुजवली, शिवाय 'छंदोरचना' हा मोठा ग्रंथ लिहून मराठीत चालत आलेल्या रचनांची शास्त्रशुद्ध मांडणी केली. कवी अनिलांनी मुक्तछंद रुळवला. त्यांची 'भग्नमूर्ती' ही दीर्घ कविता १९४० सालची. मुक्तछंद म्हणजे लय सोडून दिलेले गद्य, ही समजूत तेव्हापासून चिकटून आहे आणि ती चूक आहे. त्यात ओळीची लांबी अर्थावर आणि श्वासावर ठरते, त्यामुळे कान जास्तच जागा ठेवावा लागतो.

गंमत अशी की नवकवितेचे प्रवर्तक मर्ढेकर जुन्या साच्याकडे वळले. 'सकाळी उठोनी । चहा-कॉफी घ्यावी । तशीच गाठावी । वीज-गाडी' हे शहरी जगणे त्यांनी सहा-सहा-सहा-चारमध्ये बसवले. विठ्ठलाच्या ध्यानाची चाल लोकलच्या धावपळीला लावली की जी पोकळी ऐकू येते, ती दुसऱ्या कोणत्या रचनेत आली असती असे वाटत नाही.

मर्ढेकरांचा 'काही कविता' हा संग्रह १९४७ चा. पाचच वर्षांनी, १९५२ साली, बहिणाबाई चौधरींची गाणी पुस्तकरूपाने आली. शेतात आणि घरात राबताना बहिणाबाई ती म्हणत; घरच्यांनी ती ऐकून उतरवून घेतली. 'अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर, आधी हाताला चटके, तव्हां मियते भाकर'. चारही तुकड्यांत आठ-आठ अक्षरे आहेत, एकही कमी-जास्त नाही. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते.