ट्रस रॉड की सॅडल? किटमधून बेस गिटार जोडताना होणारी गल्लत

किटमधून बेस गिटार जोडताना सगळं लक्ष जातं ते घासकाम, रंग आणि वायरिंगकडे. बॉडीवर पॉलिश चढतं, नेकचे, म्हणजे लांब दांड्याचे, स्क्रू बसतात, तारा चढवून सूर लावला जातो. मग लक्षात येतं की तारा एकतर फार उंच आहेत, बोटं दुखतात. नाहीतर फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, घासून खरखरतात. इथे ॲलन की (षट्कोनी चावी) लावायला दोन जागा दिसतात: नेकमधला ट्रस रॉड आणि बॉडीवर तारा अडकवतात त्या ब्रिजवरची सॅडल्स, म्हणजे प्रत्येक तार टेकते ते छोटे आधार. दोन्ही फिरवलं की तारांची उंची बदलते, त्यामुळे दोन्हींचं काम एकच असं वाटतं. पण ट्रस रॉड नेकचा बाक ठरवतो आणि सॅडल तारेची उंची. या बाकाला रिलीफ म्हणतात, उंचीला ॲक्शन. तारा उंच वाटल्या म्हणून थेट ट्रस रॉड आवळणं हे माझ्या मते किटच्या कामातलं सगळ्यात धोक्याचं पाऊल आहे.

बहुतेक किट 34 इंची स्केलची (तारेच्या झुलणाऱ्या भागाच्या लांबीची) असतात; 1951 च्या फेंडर प्रिसिजन बेसपासून हेच माप रुळलं आहे. या लांबीवर चार तारांचा मिळून ताण साधारण 70 ते 80 किलो भरतो आणि त्याने नेक तारांच्या बाजूला वाकू लागतो. फिंगरबोर्डखाली (बोटं दाबायच्या फळीखाली) बसवलेली स्टीलची सळई, म्हणजे ट्रस रॉड, या ताणाला उलटा जोर देते. गिब्सनच्या थॅडियस मॅकह्यू यांना अशा रॉडचं पेटंट 1923 मध्ये मिळालं.

मग रॉड आवळून नेक अगदी सरळच का करू नये? कारण तार मधोमध सर्वांत जास्त झुलते. मोकळी ई तार, म्हणजे सर्वांत जाड तार, सेकंदाला सुमारे 41 वेळा झुलते, आणि तिचा झोका इतका रुंद असतो की डोळ्यांना दिसतो. त्या झोक्याला जागा हवी म्हणून नेकला किंचित खोलगट बाक ठेवतात. तो मोजायला पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर ई तार दाबून धरा. आता ती तार म्हणजे तुमची सरळ पट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटच्या माथ्यावर, तारेखाली, फीलर गेजचं (ठरावीक जाडीच्या पात्यांच्या संचाचं) 0.3 मिलिमीटरचं पातं सरकवून बघा. तार न उचलता ते जेमतेम सरकलं तर रिलीफ ठीक आहे. फट जास्त असेल तर रॉड आवळा, फटच नसेल तर सैल करा. एका वेळी पाव फेराच द्या, पुन्हा सूर लावा, पुन्हा मोजा. रॉडच्या टोकाचा, चावीने फिरवायचा नट घट्ट लागला तर जोर करू नका. आधी तारा सैल करा. रॉड तुटला किंवा आटे गेले तर बहुधा नेकच बदलावा लागतो.

ॲक्शनचं माप वेगळं. कॅपो काढा, मोकळ्या तारेखाली बाराव्या फ्रेटवर मोजपट्टी धरा. ई खाली अडीच आणि सर्वांत बारीक जी तारेखाली दोन मिलिमीटर ही चांगली सुरुवात. पुढे ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे.

दोन्हींतला फरक खरा पटतो तो भूमितीतून. बारावा फ्रेट स्केलच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून सॅडल 1 मिलिमीटर उचललं की तार तिथे अर्धा मिलिमीटर उचलली जाते. पहिल्या फ्रेटवर मात्र फरक पडतो जेमतेम 0.05 मिलिमीटरचा. म्हणजे पहिल्या चार-पाच फ्रेटवरची खरखर सॅडल उचलून जवळजवळ जात नाही. तिथे नेक फार सरळ किंवा उलटा वाकलेला असतो आणि रॉड सैल करावा लागतो. उलट, बाराव्याच्या पुढची खरखर रॉडने सुटत नाही, कारण त्या टोकाला नेक बॉडीला घट्ट धरलेला असतो. ती सॅडलची हद्द. एकाच फ्रेटवर आवाज येत असेल तर दोष दोघांचाही नाही, शेजारचा फ्रेट उंच बसलेला आहे; स्वस्त किटमध्ये हे सर्रास दिसतं. आणि फक्त मोकळी तार खरखरत असेल तर आधी नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात तिची खाच बघा (तिलाही नटच म्हणतात, पण तो रॉडचा नट नव्हे).

किटमध्ये मोह सर्वांत जास्त होतो तो सॅडल्स पार तळाला टेकल्यावर. तारा अजूनही उंच, खाली जायला जागा नाही, मग हात रॉडकडे वळतो. पण इथे चुकलेला असतो तो नेकचा कोन. नेक सोडवा, बॉडीतल्या खाचेत ब्रिजच्या बाजूच्या टोकाला लाकडाची किंवा जाड कागदाची बारीक पट्टी ठेवा आणि परत कसा. नेक मागे कलतो, तारा उतरतात. अर्ध्या मिलिमीटरची पट्टीही बराच फरक पाडते. खाचेच्या पूर्ण मापाची, निमुळती पट्टी मिळाली तर उत्तम, कारण लाकूड सगळीकडे टेकतं.

क्रम मोडू नका: आधी रिलीफ, मग ॲक्शन. नेकचा बाक बदलला की ॲक्शनही थोडी हलते. सॅडल फिरवल्याने नेकचा बाक मात्र बदलत नाही. किटचा नवा नेक ताण पहिल्यांदाच सोसत असतो, म्हणून सूर लावून त्याला एक रात्र तसाच राहू द्या आणि मगच फीलर गेज हातात घ्या. पुढेही हवेतली आर्द्रता बदलली की रिलीफ तपासावा लागेल.

सॅडल पुढे-मागे सरकवून सूर जुळवणं सगळ्यात शेवटी. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तारेला न दाबता नुसता हलका स्पर्श करून काढलेल्या स्वरापेक्षा) चढा लागला तर सॅडल मागे घ्या, उतरता लागला तर पुढे आणा.