भाड्याच्या घरांतील ऊर्जा कार्यक्षमता : ठाणे व नवी मुंबई

भाड्याने दिलेल्या खाजगी घरात तेवढाच गारवा, उजेड आणि गरम पाणी कमी विजेत मिळावे म्हणून इमारतीत, उपकरणांत व वापरात केलेल्या सुधारणा. भिंत, खिडकी, वायरिंग आणि बहुधा पंखे-गिझरही घरमालकाचे. लाइट बिल मात्र राहणाऱ्याने भरायचे. खर्च एकाचा व लाभ दुसऱ्याचा, या पेचाला अर्थशास्त्रात हितविभाजन (स्प्लिट इन्सेंटिव्ह) म्हणतात. काही अभ्यासक कमी कार्यक्षमतेचे मूळ माहितीच्या अभावात शोधतात. ठाणे-नवी मुंबईपुरते पाहता कराराची आखूड मुदत हे कारण अधिक वजनदार वाटते.

अकरा महिन्यांची मुदत : या भागात बहुतेक घरे ‘लिव्ह अँड लायसन्स’ पद्धतीने (घरावर हक्क न देता केवळ राहण्याची परवानगी) दिली जातात आणि मुदत ११ महिन्यांच्या पटीत (११, २२, ३३) ठेवण्याची रूढी आहे. तिच्या उगमाबद्दल दोन मते आढळतात. पहिले मत नोंदणी अधिनियम, १९०८ कडे बोट दाखवते. त्याच्या कलम १७ प्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्याने मुदत वर्षाच्या आत ठेवण्याची सवय लागली. दुसरे मत मुंबई भाडे नियंत्रण कायद्यातील १९७३ च्या दुरुस्तीला महत्त्व देते. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या लायसन्सधारकांना तिने भाडेकरूचा दर्जा दिला आणि घरमालकांच्या मनात दीर्घ ताब्याची धास्ती बसली. ‘अकरा’ हा आकडा पहिल्या मताने चांगला उलगडतो. भाडेपट्टा टाळून लायसन्स (सुविधाधिकार अधिनियम, १८८२, कलम ५२) का पत्करले गेले, हे दुसऱ्या मताने अधिक समजते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ (अंमल ३१ मार्च २०००) च्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असली तरी करार लेखी व नोंदणीकृत हवा. म्हणजे नोंदणी टाळण्याचे मूळ कारण संपले; सवय तेवढी टिकली.

याच कायद्याच्या कलम १४ प्रमाणे घर दुरुस्त राखणे घरमालकाचे कर्तव्य आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. ही तरतूद भाडेकरूसाठी आहे. लायसन्सधारकाने तिच्यावर विसंबू नये; दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे करारात स्वतंत्रपणे लिहून घ्यावे. केंद्राच्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या मसुद्यात (२०२१) वायरिंग घरमालकाकडे आणि गिझर, बटणे व सॉकेट यांची दुरुस्ती राहणाऱ्याकडे अशी वाटणी आहे. महाराष्ट्रात लागू असलेला कायदा १९९९ चाच असला, तरी करार लिहिताना ही वाटणी नमुना म्हणून उपयोगी पडते.

भिंत व छत : हवामान उष्ण व दमट. ठाण्याचे अक्षांश सुमारे १९.२ अंश उत्तर असल्याने मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्यामुळे उन्हाळ्यात सर्वाधिक ऊन गच्ची खाते आणि त्या खालोखाल पूर्व-पश्चिमेच्या भिंती. प्लॅस्टर नसलेला १५० मिमी आरसीसी स्लॅब चौरस मीटरला, दर अंश तापमान-फरकामागे, सुमारे ३.५ वॅट उष्णता आत सोडतो. डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर झालेल्या ‘इको निवास संहिते’ने छतासाठी ही मर्यादा १.२ ठेवली आहे. संहिता नव्या बांधकामांसाठी आहे. भाड्याने जाणारी जुनी घरे तिच्या बाहेर राहतात.

भिंतीचा प्रकार भाड्याच्या घरात विचारून कळत नाही, ड्रिलच्या भुकटीवरून कळतो. लाल भुकटी म्हणजे वीट (२३० मिमीला सुमारे २ वॅट). राखाडी-पांढरी, बोटाने सहज चुरडणारी भुकटी म्हणजे एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे (२०० मिमीला सुमारे ०.८). ड्रिल अडखळत कर्कश आवाज करू लागले आणि बारीक करडी धूळ पडली, तर ती मायवान पद्धतीची (अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात) ओतीव काँक्रीट भिंत समजावी. घोडबंदर रस्ता व खारघरच्या अनेक उंच इमारतींत ती आढळते. अशी पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते व रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहते. तिथे एसीचा टनभार वाढवून फारसे साधत नाही. पलंग व एसी पूर्वेच्या खोलीत हलवणे अधिक फलदायी ठरते.

शेवटच्या मजल्यावरील घराला गच्ची पांढरी करण्याइतका स्वस्त आणि परिणामकारक दुसरा उपाय नाही, आणि तोच सर्वांत कमी केला जातो. गच्ची सोसायटीची असते. भाडेकरूला सर्वसाधारण सभेत मत नसते आणि घरमालक तिथे राहत नसल्याने विषय मांडत नाही. चुन्याचा लेप फेब्रुवारी-मार्चमध्ये द्यावा. तो पावसाळ्यात धुपतो आणि शेवाळाने काळवंडतो, म्हणून दरवर्षी नव्याने द्यावा लागतो. परावर्तक रंग अधिक टिकतो, पण गळती असलेल्या स्लॅबवर आधी जलरोधन न करता लावल्यास फुगून सुटतो.

खिडकीला पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत येऊन गेलेले असते. गॅलरीत बाहेरून सोडलेली बांबूची चिक तेच ऊन बाहेर थोपवते आणि घर सोडताना गुंडाळून नेता येते. काचेवरील फिल्मसाठी व दर्शनी भागावरील कोणत्याही बदलासाठी सोसायटीची परवानगी पाहावी. वाळ्याचे पडदे आणि पाण्याचे कूलर नागपुरात उपयोगी असले, तरी खाडीकाठच्या दमट हवेत पाणी पुरेसे उडत नाही आणि खोली कोंदट होते.

वातानुकूलन : ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची (स्थापना २००२) तारांकन योजना २००६ मध्ये सुरू झाली. एसीचे तारे ‘आयएसईईआर’ या हंगामी गुणोत्तरावर (खर्चलेल्या विजेमागे मिळणारा गारवा) ठरतात. जुलै २०२२ च्या कोष्टकात स्प्लिट एसीसाठी तीन तारे ३.८ पासून व पाच तारे ५.० पासून होते. कोष्टक वेळोवेळी कडक होत असल्याने लेबलवरील वर्ष न पाहता नुसते तारे मोजणे फसवे आहे. घरमालकाने बसवलेल्या जुन्या पाच तारांच्या एसीपेक्षा नवा तीन तारांचा एसी चांगला असू शकतो. लेबलवरील वार्षिक युनिटे १६०० तासांच्या वापरासाठी असतात, म्हणजे रात्री आठ तास याप्रमाणे दोनशे रात्री. हे गुणोत्तर २४ ते ४३ अंश तापमानाच्या विभागणीवर काढतात. किनारपट्टीवर एसीचे बरेचसे काम आर्द्रता काढण्याचे असते, तिथे ते कितपत प्रातिनिधिक आहे याविषयी शंका घेतली जाते आणि ती रास्त दिसते. इन्व्हर्टर एसी मंद गतीवर आला की त्याची कॉइल कमी गार राहते व दमटपणा तसाच उरतो. माणूस घामाघूम होऊन २६ वरून २० वर येतो आणि बचत तिथेच संपते. अशा वेळी ड्राय मोड लावणे किंवा एसीच्या पंख्याचा वेग कमी करणे योग्य. ब्युरोच्या अंदाजाने एक अंश वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते.

भाडेकरूचा स्वतःचा एसी हलवताना खरे नुकसान होते. काढण्यापूर्वी गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्यावा लागतो : एसी कूलिंगवर चालू ठेवून बारीक पाइपचा व्हॉल्व्ह बंद करणे, गेजवरील दाब जवळपास शून्यावर येताच जाड पाइपचा व्हॉल्व्ह बंद करणे, आणि लगेच एसी बंद करणे. नव्या घरी पाइप जोडल्यावर व्हॅक्यूम पंपाने हवा व ओल काढायची असते. घाईत पंपाऐवजी गॅस सोडूनच हवा ‘ढकलली’ जाते. ओल आत राहिली, की थंडावा घटतो आणि कॉम्प्रेसर अधिक वेळ चालतो. तांब्याच्या पाइपचे जुने फ्लेअर (जोडणीसाठी पसरवलेले टोक) तसेच न वापरता कापून नवे करावे. भिंतीचे भोक बाहेरच्या बाजूला उतरते हवे, नाहीतर जूनच्या पहिल्याच पावसात पाणी पाइपवरून घरात येते. बाहेरची युनिटे अरुंद डक्टमध्ये एकावर एक असतील, तर खालच्या मजल्यांची गरम हवा वरचे युनिट पुन्हा ओढते. वरच्या मजल्यावर बिल जास्त येण्याचे हे दुर्लक्षित कारण आहे.

पंखे : साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रशविरहित डीसी मोटरचा) पंखा सुमारे ३०. रोज १४ तास धरल्यास एका पंख्यामागे महिन्याला १९ युनिटे वाचतात. सगळे आकार मिळून युनिट १० रुपयांना मानले, तर ३,००० रुपयांचा पंखा सुमारे १६ महिन्यांत फिटतो. अकरा महिन्यांच्या एका करारात तो फिटत नाही. म्हणूनच पंखा भाडेकरूने स्वतःचा घेऊन पुढे न्यावा, हा या विषयातला सर्वांत व्यवहार्य सल्ला. भिंतीवरचा जुना रेग्युलेटर मात्र मध्ये ठेवू नये; त्याने पंखा थांबत-चालत राहतो किंवा त्याचे सर्किट जळते. रेग्युलेटर काढून तारा थेट जोडाव्या.

गरम पाणी : २७ अंशांचे २० लिटर पाणी ४० अंशांवर नेण्यास सुमारे ०.३ युनिट लागते. याहून जास्त जाणारी वीज बहुतांशी बटण चालूच राहिल्याने जाते. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर १३ अँपिअर ओढतो. सिडकोच्या जुन्या सदनिकांतील बारीक तारांवर त्याचा प्लग तापून तपकिरी पडतो. तेव्हा सॉकेट बदलून भागत नाही, मीटरपासून जाड तार ओढावी लागते आणि तो खर्च घरमालकाचा.

मीटरची पडताळणी : घर घेताना करावी. मीटरच्या दर्शनी पट्टीवर युनिटमागे किती ठोके हे छापलेले असते, उदा. ३२००. घरातील मुख्य स्विच बंद केल्यावर लाल दिवा लुकलुकता कामा नये. लुकलुकला तर दुसऱ्याचा भार आपल्या मीटरवर असण्याची शक्यता आहे. मग फक्त एक साधा पंखा पूर्ण वेगाने लावावा : ३२०० ठोक्यांच्या मीटरवर ७५ वॅटला मिनिटाला चार ठोके पडले पाहिजेत.

महावितरणचे घरगुती दर १००, ३०० व ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढतात (कळवा, मुंब्रा व शीळ भागात फ्रँचायझीमार्फत वितरण होते). गावठाणांत एका मीटरवर अनेक खोल्या आणि प्रत्येकीला पोटमीटर अशी सोय असते. तिथे सर्वांची युनिटे एकत्र मोजली जाऊन वरच्या टप्प्यात जातात आणि महिन्याला ६० युनिटे वापरणाराही महागडा दर भरतो. हा अन्याय उपकरणे बदलून मिटत नाही, स्वतंत्र मीटरनेच मिटतो.

अन्यत्र : इंग्लंड व वेल्समध्ये एप्रिल २०१८ पासून किमान ‘ई’ ऊर्जा-कार्यक्षमता श्रेणी नसलेले घर नव्याने भाड्याने देता येत नाही, आणि एप्रिल २०२० पासून चालू करारांनाही ही अट आहे. जर्मनीत २०२३ पासून तापनाच्या इंधनावरील कार्बन खर्च घराच्या कार्यक्षमतेनुसार मालक व भाडेकरूंत वाटला जातो.

करारातील नोंदी : आत येताना मीटरचे वाचन, गिझर-एसीच्या लेबलांचे छायाचित्र व मंजूर भार करारासोबत जोडावेत. एसी वाढवल्याने मंजूर भार ओलांडला, तर वाढीचा अर्ज वीजजोडणी ज्याच्या नावावर आहे त्या घरमालकालाच करावा लागतो. काढलेले जुने पंखे दांडी, वाट्या व स्क्रूसह माळ्यावर ठेवून त्यांची यादी करावी. घर सोडताना ते परत लावून न दिल्यास अनामत रकमेतून कपात होते, आणि बहुधा पंख्याच्या किमतीहून जास्त.